तेरावी टेप

वैरागडे सरांच्या टेपचं लेबल मी नखानं सोलून काढलं. डिंक जुना होता, त्यामुळे ते एका ओढीत निघालं नाही. एक तुकडा रिळाला चिकटून राहिला आणि त्यावर निळ्या शाईतली 'पाणी' ही त्यांची अक्षरं दिसत होती. तोही मी ओल्या बोटानं घासून काढला. मी टेप लायब्ररियन होते. माझं काम नेटकं असे.

"आता रिंग लावा," गोतमारे म्हणाले.

ड्रॉवरमधून एक पिवळी रिंग काढून मी ती रिळाच्या पाठीवरच्या खाचेत दाबून बसवली. गोतमारे आमचे हेड ऑपरेटर. त्यांनी टेप हातात घेतली, उलटसुलट फिरवून पाहिली आणि पसंतीची मान हलवली. दोन वर्षांत त्यांनी माझ्या कामाकडे पाहून मान हलवल्याचं मला आठवत नव्हतं.

गोष्ट पंच्याऐंशी सालच्या मार्चमधली. नागपूरच्या एका संस्थेत तेव्हा नवं संगणक केंद्र झालं होतं. मशीनच्या खोलीत वातानुकूलन असल्यामुळे चपला बाहेर काढून आत जायचं, आणि बाहेरच्या माणसांनी तर काउंटरच्या अलीकडेच थांबायचं. माहिती सगळी टेपांवर. जेवायच्या ताटाएवढी रिळं, आणि त्यांवर तपकिरी फीत गुंडाळलेली. रिळाच्या पाठीवर ती प्लॅस्टिकची रिंग असेल तरच मशीन टेपवर लिहायचं. रिंग काढली की टेप फक्त वाचता यायची, मग कोणी काही पुसू म्हटलं तरी पुसता येत नसे. सगळी राखण त्या एका बांगडीएवढ्या रिंगेवर होती.

आणि होतं कोऱ्या टेपांचं रॅक. ज्या टेपवरची माहिती कोणालाच नको, तिचं लेबल काढायचं, रिंग लावायची आणि ती या रॅकवर ठेवायची. कोणत्याही पाळीच्या माणसानं तिथून टेप उचलावी आणि खुशाल वापरावी. लेबल नाही आणि रिंग आहे, म्हणजे टेप बेवारस. मशीन काही विचारायचं नाही.

वैरागडे सर वरोऱ्याच्या पलीकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. नऊ वर्षं हा माणूस सायकलला पिशवी अडकवून गावोगावच्या विहिरींचं आणि हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून आणत होता. दोनशे अकरा गावं. त्यातल्या बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड फार. पोरांचे दात तपकिरी पडायचे, पुढे गुडघे वाकायचे, आणि चाळिशीतली माणसं जमिनीकडे बघत चालायची. दिल्लीच्या एका कार्यालयाची योजना आली होती की अशा गावांना दुरून नळानं चांगलं पाणी आणायचं. यादीत नाव यायला गावाचे आकडे एकतीस मार्चच्या आत पोचायला हवेत, आणि तेही टेपवर. कागद ते घेत नव्हते. म्हणून सर दोन वर्षं दर दुसऱ्या शुक्रवारी एसटीनं तीन तास प्रवास करून येत, मिळालेल्या एका तासात काउंटरबाहेरच्या कीबोर्डवरून वहीतले आकडे टेपवर चढवत आणि परत जात. आमचा माणूस शनिवारी दुपारच्या गाडीनं इतर टेपांबरोबर त्यांचीही टेप दिल्लीला नेणार होता.

हे सगळं आम्हाला पाठ होतं. सर दर खेपेला सांगायचे. ते गेले की गोतमारे गुडघे वाकवून त्यांची नक्कल करत, आणि सगळी खोली हसायची. मीही हसायचे.

आणि दर खेपेला सर जाताना काउंटरवर उभे राहून विचारायचे, "मॅडम, माझ्या टेपची एक दुसरी कॉपी होऊन जाते का, पहा न जी."

मी सांगायचे, नियम नाही. बाहेरच्या माणसाला एक टेप आणि एक रिंग, तीही दर खेपेला वहीत सही करून. टेपा परदेशातून यायच्या. सर म्हणायचे, "बरं जी," आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढ्याच नरमाईनं तेच विचारायचे. खरं सांगायचं तर माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यांच्या त्या नरमाईनं माझं डोकं उठायचं. 'दुसरी कॉपी' असं त्यांचं नावच पाडलं होतं. "आली बघा दुसरी कॉपी," असं कोणीतरी म्हणायचं, आणि मागाहून सर यायचे.

स्वतःच्या टेपची रिंग ते कधी विसरायचे नाहीत. काम संपलं की पहिलं काम रिंग काढायची आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकायची. टेप आमच्याकडे आणि रिंग त्यांच्याकडे. थट्टा त्यावरूनच सुचली.

"त्याले सांगू, रिंग तूच टेपवर राहू दिली होती म्हणून," गोतमारे त्या शुक्रवारी म्हणाले. "टेप कोऱ्या रॅकवर गेली अन् पुसली. मंग पाहू दुसरी कॉपी कशी मांगते. मॅडम, तुम्ही करता का?"

हे त्यांनी मला विचारलं. खोलीत मी एकटी बाई. ते सगळे चहाला जात तेव्हा मला कोणी हाक मारत नसे, आणि मी आले की चालू असलेलं बोलणं थांबायचं. मी म्हटलं, "करते की." मला आनंद झाला होता. तो लपवायचं आता काही कारण नाही.

सर अडीचला आले. उन्हानं तोंड लाल झालेलं. दाराशी चपला काढल्या, काउंटरशी आले.

"आज फक्त एकदा वाचून पाहतो, मॅडम. उद्या गाडीवर जाईल न?"

मी रॅकवरून ती टेप काढली आणि काउंटरवर उलटी ठेवली, रिंग वर दिसेल अशी.

"सर, वाईट झालं. काल ही कोऱ्या रॅकवर सापडली. लेबल पडलेलं, रिंग लावलेली. पाळीवाल्यांनी त्यावर लिहिलं."

सरांना पहिल्यांदा कळलंच नाही. ते टेपकडे बघत राहिले. मग त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात पेन होतं आणि एसटीचं तिकीट होतं. रिंग नव्हती.

"मी काढली होती जी," ते म्हणाले.

"मग ही कोणाची?" मागून गोतमारे म्हणाले.

सरांनी रिंगेवरून एक बोट फिरवलं. "काय लिहिलं हिच्यावर?"

"आमच्या स्टाफची हजेरी," मी म्हटलं. हे आधी ठरलं नव्हतं, मला तिथल्या तिथे सुचलं. गोतमारेंना खोकला आला, म्हणजे ते हसू दाबत होते.

"हजेरी," सर म्हणाले. "बरं." आणि ते वळले, दार उघडलं आणि निघून गेले. चपला दाराशीच राहिल्या.

दार लागल्यावर खोली जी हसत सुटली, ती पाच मिनिटं हसत होती. मार्चच्या उन्हात अनवाणी गेला म्हणून आणखी हसू आलं. मी म्हटलं, बोलवून आणते. गोतमारे म्हणाले, "चपला इथंच आहेत न, जाईल कुठं? थोडा शिजू द्या त्याले. या, चहा घेऊ." मी पहिल्यांदा त्या सगळ्यांबरोबर चहाला गेले. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली.

तीनला दुसऱ्या पाळीचा नारनवरे आला. सरळ माणूस, पोटात काही ठेवता येत नसे. "याले सांगू नका," गोतमारे हळूच म्हणाले, "हा त्या मास्तरले लगेच सांगून देईल." मी नाही सांगितलं. नारनवरेला मी त्याच्या कामाची चिठ्ठी दिली. महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता आणि त्या दिवशी सगळ्या माहितीची पूर्ण नक्कल काढायचा आमचा रिवाज. त्याला बारा कोऱ्या टेपा लागत. त्या बारा मीच सकाळी मोजून रॅकवर लावल्या होत्या. सरांची टेप मी परत ठेवली ती सगळ्यांच्या मागे, तेरावी. बाराचं काम आहे, तेरावीला कोण हात लावतो, असा माझा हिशेब. वेगळ्या कपाटात ठेवली असती, पण ते कपाट कुलपात होतं आणि किल्ली आणायला वरच्या मजल्यावर जावं लागलं असतं.

पाच वाजले तरी सर परतले नाहीत. चपला तशाच होत्या, अंगठ्याशी झिजलेल्या.

"राहू द्या एक दिवस," गोतमारे म्हणाले. "उद्या सकाळी येईल रडत. मंग टेप हातात देऊ अन् मिठाई मांगू."

मी लेबल पर्समध्ये टाकलं आणि घरी गेले. झोपही चांगली लागली.

शनिवारी नऊला मी पोचले तेव्हा चपला दाराशी होत्या. मी आधी रॅककडे गेले. रॅकवर एकच टेप होती आणि तिच्यावर खडूनं फुली मारलेली. शेजारी नारनवरेची चिठ्ठी. त्याचं अक्षर गोल आणि मोठं होतं.

'सातवी टेप खराब निघाली. तेरावी घेतली. बरं झालं मॅडम, तुम्ही एक जास्त ठेवली होती.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. नक्कल काढलेल्या बारा टेपा कपाटात रांगेनं होत्या, नारनवरेनं सगळ्यांना नवी लेबलं लावलेली, रिंगा काढलेल्या. सातवीच्या जागी जी होती तिच्या कडेला कालच्या डिंकाचा डाग होता. मी ती मशीनवर चढवली आणि वाचून पाहिली. पडद्यावर आधी आमच्या खात्याची नावं आली. मग पुढे आमच्या स्टाफची हजेरी आली.

खोटं खरं दिसावं म्हणून आम्ही लेबल काढलं होतं, रिंग लावली होती आणि टेप रॅकवर ठेवली होती. टेप पुसली जायला एवढंच लागतं. पुसायचं काम नारनवरेनं केलं, आणि वर माझे आभार मानले.

गोतमारे साडेनवाला आले. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली आणि ते स्टुलावर बसले. मोठा धिप्पाड माणूस, पण स्टुलावर बसल्यावर एकदम म्हातारा दिसला.

"आता?" त्यांनी विचारलं.

मी टेप मशीनवरून उतरवली.

"सांगून टाकू," ते म्हणाले. "पाय धरतो त्या माणसाचे. साहेबाकडे मीच जातो, दिल्लीले फोन करून आठ दिवस मांगून घेतो. थट्टा होती म्हणून सांगतो. माझंच डोकं होतं, तुमचं नाव नाही घेत."

इतक्या वर्षांत ही कथा मी दोन-चार जणांना सांगितली आहे. दर वेळी इथे मी गोतमारेंचं वाक्य माझ्या तोंडी घातलं आणि माझं त्यांच्या. आज तसं करत नाही.

"नाव न घेऊन काय होणार?" मी म्हटलं. "वहीत टेपा माझ्या ताब्यात आहेत. लेबल काढलं ते माझ्या नखानं. एप्रिलमध्ये मला कायम करायचं पत्र निघणार आहे, आणि तुमची चौकशी लागली तर तुम्ही काय राहता?"

"पण मॅडम, त्याची दोनशे गावं..."

"काल तुम्हाला गावं दिसली नाहीत?"

मी रिंगांची वही काढली. फेब्रुवारीच्या पानावर सरांची नोंद होती, 'टेप १, रिंग १', आणि पुढे त्यांची सही. आकडा आणि सही यांच्यात बोटभर जागा होती. मी माझं नेहमीचं पेन घेतलं आणि त्या जागेत लिहिलं, '+ १ जादा'. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. गोतमारे माझ्याकडे पाहत होते. ते मला पहिल्यांदाच घाबरलेले दिसले, आणि ते साहेबाला घाबरले नव्हते.

दहाला सर आले. अनवाणी, पायाला फडकं बांधलेलं. पण हसत होते. उभ्या दोन वर्षांत मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. हातात संत्रा बर्फीचा डबा होता.

"घ्या जी, आधी तोंड गोड करा," त्यांनी डबा काउंटरवर ठेवला. "मला थट्टा समजत नाही असं नाही. माझे विद्यार्थीपण करतात. पण काल मी खरंच घाबरलो होतो, मॅडम. किती चाललो ते माझं मला माहीत नाही. धर्मशाळेत टेकलो, वाचायला चष्मा काढावा म्हणून चष्म्याचं घर उघडलं, त यात ही निघाली."

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पिवळी रिंग होती.

"खिसा उसवला होता म्हणून मागच्या खेपेला हिला चष्म्याच्या घरात टाकली होती. विसरलो. आता पहा, माझी टेप एक, माझी रिंग एक. रिंग जर माझ्याजवळ, त टेपवर कुठून आली? तुम्हीच लावली." ते पुन्हा हसले. "चांगली केली थट्टा. आता एकदा टेप दाखवून द्या, म्हणजे मी चपला घालतो."

मागे गोतमारे उभे राहिल्याचा आवाज आला. स्टूल सरकलं. ते बोलणार होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"सर," मी म्हटलं, "तुमच्याकडे दोन रिंगा होत्या."

"नाही जी. एकच."

मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली आणि नोंदीवर बोट ठेवलं. "फेब्रुवारीत तुम्ही एक जादा मागून नेली होती. ही तुमची सही. एक रिंग टेपवर राहिली, एक तुमच्याकडे. रिंगा सगळ्या सारख्याच असतात, सर."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नऊ वर्षं ज्यानं दर बाटलीवर तारीख, गाव, विहीर आणि खोली लिहिली, त्या माणसाला लिहिलेल्यावर संशय घेता येत नव्हता. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर मी ते लिहिलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आधी त्यांनी वहीवर विश्वास ठेवला नाही, मग स्वतःवर ठेवला नाही.

"मला आठवत नाही," ते हळू म्हणाले. "पण सही माझी आहे."

"थट्टा नव्हती, सर."

"म्हणजे टेप खरंच..."

"हो."

गोतमारे माझ्या मागून निघाले आणि मशीनच्या खोलीतून पलीकडे बाहेर गेले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंतच्या सहा वर्षांत ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत, चिठ्ठ्या लिहीत.

सरांनी रिंग वहीवर ठेवली. "ही तुमची जादा. परत केल्याची सही कुठं करू?" मी जागा दाखवली. त्यांनी सही केली, तारीख घातली. त्यांच्या सहीनं माझी खोटी नोंद पक्की झाली.

"आता कितीक दिवस लागतील?" त्यांनी विचारलं. "वह्या आहेत माझ्याजवळ. पुन्हा चढवायला?"

"तासाप्रमाणे दोन वर्षं."

"अन् यादी उद्या बंद."

"हो."

मी कपाट उघडून त्यांच्यापुढे दोन कोऱ्या टेपा ठेवल्या, दोन रिंगा ठेवल्या. नियम मोडला. म्हटलं, एकीची कॉपी करता येईल. त्यांनी दोन्हींसाठी सही केली आणि टेपा पिशवीत घातल्या, बाटल्यांच्या त्याच पिशवीत. दुपारच्या गाडीनं दिल्लीला टेपा गेल्या, त्यांची एक सोडून.

सर पुन्हा दोन वर्षं येत राहिले. सगळे आकडे चढवले, दोन्ही टेपांवर, आणि दोन्ही टेपा आमच्या कपाटात पडून राहिल्या, कारण ती योजना संपली होती आणि पुढची आली ती अकरा वर्षांनी. मला एप्रिलमध्ये पत्र मिळालं. मी त्याच संस्थेतून प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मधे एकदा, त्या मार्चनंतर सतरा-अठरा वर्षांनी, त्या भागात एका लग्नाला गेले होते. पंगतीत वाढणारी एक पोरगी हसताना पदर तोंडावर धरत होती, आणि वाढायला वाकली की तिला सरळ व्हायला वेळ लागत होता. वय पंधरा-सोळा असेल. म्हणजे त्या मार्चमध्ये ती जन्मली नव्हती. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी नको म्हटलं.

पण मला ती पोरगी फारशी आठवत नाही. आठवतात ते त्या शनिवारचे सर, दाराशी वाकून फडकं बांधलेल्या पायात चपला घालताना. एक चप्पल पायात जात नव्हती. मी बर्फीचा डबा घेऊन मागे गेले, म्हटलं, सर, हा राहिला.

"राहू द्या जी, तुमच्यासाठीच आणला होता," ते म्हणाले. मग जरा थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, रात्रभर मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला. रिंग सापडली तेव्हा तर शिवीपण दिली मनात. चूक माझी, अन् शिवी तुम्हाला. मनात ठेवू नका."

मी म्हटलं, "नाही ठेवत, सर."